इन्शाल्ला ही तारीख नव्हे

अबुधाबीतल्या आमच्या ऑफिसात माझी ख्याती एकाच गोष्टीबद्दल आहे. मी इन्शाल्ला चालवून घेत नाही. मी खरेदी विभागात आहे. पंप, व्हॉल्व्ह, केबल असलं सामान विकणारे माझ्याकडे टेंडर भरतात. माल कधी पोचेल विचारलं की हे बाबालोक छातीवर हात ठेवून म्हणतात, ‘नेक्स्ट वीक, इन्शाल्ला.’ इथल्या ऑफिसांत त्याचा अर्थ ‘विसरा आता’ असा होतो, हे नवीन माणसाला कळायला सहा महिने लागतात. मला दोन लागले. तेव्हापासून पत्रात तो शब्द दिसला की मी लाल पेनाने खोडते आणि शेजारी लिहिते, ‘तारीख?’

एकदा मी घरी असंच एका व्यापाऱ्याचं पत्र तपासत बसले होते. आई तेव्हा रत्नागिरीहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती. ती मराठी सहीपुरतं लिहिते, पण कुराण वाचते, त्यामुळे अरबी अक्षरं तिला येतात. आणि त्या शहाण्याने नेमका तोच शब्द अरबीत लिहिला होता.

‘तौबा तौबा! अल्लाचं नाव खोडतंस गो?’

मी तिला व्यापाऱ्यांची लबाडी समजावली. तिला एक अक्षर पटलं नाही. तिच्याकडे इन्शाल्ला म्हणजे दिलेला शब्द. मी शाळेला असताना चिपळूणला बोर्डिंगात राहायचे. एकदा तिने निरोप धाडला, ‘शुक्रवारी येते, इन्शाल्ला.’ त्या शुक्रवारी खाडीला पूर होता, एसटी बंद होती. ती होडीने आणि मग चालत आली, एक चप्पल हातात धरून. दुसरी कुठे गेली म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘ती अल्लाची मर्जी.’

हे सगळं त्या वर्षीचं, ज्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक होती आणि माझ्याकडे मत होतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चौदा वर्षं तिकडे काढली, शपथ घेऊन नागरिक झालो आणि मग नवऱ्याच्याच नोकरीमुळे इकडे आलो. मतपत्रिका ईमेलने येते. छापायची, गोल काळा करायचा, सही करून पाठवायची. भाजीची यादी करण्याइतकं सोपं काम. मी त्याला पाच आठवडे घेतले.

कारण माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई गाझाची होती. ती प्लॅनिंगमध्ये, म्हणजे कुठलं काम कोणत्या दिवशी संपणार याचं वेळापत्रक करणारी. तिची आई तिकडे तंबूत होती. म्हातारीला डायबेटिस, इन्सुलिनचा पत्ता नाही. तिला उपचारासाठी बाहेर काढायला हिने कुठेकुठे अर्ज केले होते. ती हे सगळं वेळापत्रक वाचल्यासारखं एका सुरात सांगायची आणि मग म्हणायची, ‘यल्ला, मीटिंगला चल.’ अमेरिकेचा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये, त्याच देशाची शस्त्रं तिच्या आईच्या डोक्यावर, आणि आमच्या दोन टेबलांमध्ये एक सामायिक स्टेपलर.

तिने मला एकदाच विचारलं. ‘तू मत देणार ना? माझ्या आईचा विचार करून?’

माझ्या तोंडून गेलं, ‘इन्शाल्ला.’

तिने माझा ड्रॉवर उघडला, माझाच लाल पेन काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, ‘तारीख?’

अस्सं तोंडात मारल्यासारखं झालं! हसले मी, पण घरी येईपर्यंत ते हसू कुठे टिकतंय.

त्या शनिवारी मी बसले आणि मला जे येतं ते केलं. टेंडरला करतो तसा तक्ता केला. डावीकडे अटी, वर उमेदवार. युद्ध थांबवणार का? शस्त्रं बंद करणार का? आजारी माणसांना बाहेर येऊ देणार का? पहिल्या उमेदवाराच्या रकान्यात लिहिलं, ‘दुःख व्यक्त केले. शस्त्रे चालू.’ दुसऱ्याच्या, ‘दुःख व्यक्त केले नाही. शस्त्रे चालू. शिवाय आमच्यासारख्यांना देशात घेऊच नये असे मत.’ एक तिसराही होता. त्याला सगळ्या अटी मान्य. शेवटची ओळ असते ‘पुरवठ्याची क्षमता’. तिथे मी लिहिलं, ‘शून्य.’ त्याला निवडून येण्याइतकी मतं मिळणार नव्हती, हे त्यालासुद्धा माहीत असावं.

लेकीने मागून डोकावून पाहिलं. ‘मम्मा, इट्स नॉट अ पंप,’ ती म्हणाली आणि फ्रिजकडे गेली.

आईला वेगळीच अडचण. ‘निशाणी काय गो त्यांची?’

मतपत्रिकेवर निशाणी नसते म्हटल्यावर तिला ती निवडणूकच खोटी वाटली. मग सांगितलं की तशा निशाण्या आहेत, एकाचं गाढव आणि एकाचा हत्ती.

‘गाढवावर कोन गो शिक्का मारील?’

‘मारतात, आई. कोट्यवधी लोक मारतात.’

‘आणि हत्तीवर?’

‘तेवढेच.’

मग तिने चहाचा कप खाली ठेवला. ‘ज्याला देशील ते त्या पोरीच्या तोंडावर सांगता आलं पायजे. नायतर देऊ नको.’

हे मला पटलं. इतकं पटलं की मी पुढचा विचारच केला नाही. तिसऱ्याच्या नावापुढचा गोल काळा केला, पाकीट चिकटवलं आणि कुरिअरच्या काउंटरवर देऊन आले. पाच आठवड्यांत पहिल्यांदा शांत झोपले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिला सांगितलं, अगदी तोंडावर. खोटं कशाला बोलू, माझी अपेक्षा होती की ती निदान माझा हात हातात घेईल.

ती म्हणाली, ‘हा निवडून येणार आहे?’

‘नाही.’

‘सगळ्या अटी मान्य, आणि माल देऊच शकत नाही. हबीबती, असा माणूस टेंडरला आला तर तू काय करतेस?’

मी त्याला पहिल्या दिवशी बाद करते. तिला ते माहीत होतं, बाद केल्याची कितीतरी पत्रं तिच्यासमोर छापली आहेत मी.

‘मग कोणाला द्यायला हवं होतं?’ मी चिडून विचारलं. ‘तू सांग ना! दोघंही शस्त्रं देणार. काय निवडू मी त्यात?’

‘मला माहीत नाही,’ ती म्हणाली. ‘मत माझ्याकडे नाही.’ आणि वेळापत्रकाकडे वळली.

माझा संताप संताप झाला. तिच्यावर, त्या तिघांवर, स्वतःवर. तिच्या आईसाठी म्हणून बसले होते, आणि झोप लागली ती मला. निकाल लागला त्या दिवशी एक जण जिंकला, आमच्या टेबलांमध्ये स्टेपलर होता तिथेच होता, आणि तिने नवीन अर्ज भरायला घेतला. नवीन सरकारचे फॉर्म वेगळे असतील म्हणाली.

आईचा व्हिसा संपत आला तशी ती मागे लागली की त्या पोरीला एकदा जेवायला आण. मला धीर होत नव्हता, तरी बोलावलं. ती आली, खजुराचा डबा घेऊन. आईने तांदळाची भाकरी आणि सुरमईचं सालन केलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होते, आईच्या त्या शुक्रवारची आणि एका चपलेची गोष्टसुद्धा. आईने तिच्या आईचं वय विचारलं. तिने सांगितलं. आई म्हणाली, ‘माज्यापेक्षा दोन वर्सांनी ल्हान,’ आणि तिच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

निघताना आईने दारात तिचे दोन्ही हात धरले. ‘तुजी आय येल. इन्शाल्ला.’

यातला शेवटचा शब्द समजायला तिला माझी गरज नव्हती. तरी तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, मीटिंगला जाताना असतो तसा. फक्त खालचा ओठ तिने दातात धरला होता.

‘ही इन्शाल्ला आपल्या ऑफिसातली की हिची?’ तिने मला इंग्रजीत विचारलं.

त्या खोडलेल्या शब्दावरून आई मला जे सांगत होती ते मला तेव्हा कळलं, आणि मी आईच्या मागे उभं राहून, काहीही हातात नसताना, तिच्या वतीने सांगितलं, ‘हिची.’

तिने मान हलवली आणि लिफ्टचं बटण दाबलं. तारीख विचारली नाही.