जुनी खाली करा

चहा तोंडात असेल तर आधी गिळून घ्या. मागच्या वेळी हा पराक्रम सांगत होतो, तर ऐकणाऱ्याला असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. पराक्रम माझाच बरं का, दुसऱ्या कोणाच्या माथी मारत नाही!

तेव्हा वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत, घराच्या पुढच्या खोलीत, मी कम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचो. कम्प्युटर म्हातारा, हार्डडिस्क दोन जीबीची. ती गणपतीच्या चित्रांनी आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'नी गच्च भरली होती.

त्याच डिस्कमध्ये माझे सासरे होते. म्हणजे सासरे नव्हे हो, त्यांचे शब्द!

मामाजी देवळीचे, रिटायर्ड मास्तर. अकरा वर्षं बाजारात, एसटीत, पंगतीत वऱ्हाडी शब्द गोळा करत हिंडले. चिठ्ठ्यांचं पोतं भरलं. त्यांचं पुस्तक व्हावं, एवढी एकच इच्छा. मी सगळं टाइप करून दिलं आणि वर शहाणपणा केला, "मामाजी, आता हे कागदं कायले ठेवता? कम्प्युटरात गेलं म्हंजे अमर झालं!"

जावयावर विश्वास ठेवला त्यांनी. पोतं बंबात गेलं. आठवडाभर अंघोळीचं पाणी त्यावर तापलं.

आणि मग पुण्याहून माझ्या साडूंनी, माधवरावांनी, नवी डिस्क पाठवली. माधवराव अस्सल पुण्याचे, कम्प्युटरच्याच कंपनीत. डिस्क किती? चाळीस जीबी! आणि आकार साबणाच्या वडीएवढा! मी ती दोन्ही हातांत धरून नुसता बघत बसलो. शेजारच्या काकूंनी लांबूनच नमस्कार केला. माझ्या बायकोने, सुनंदाने, हळदीकुंकू लावलं.

"साऱ्या जिल्ह्याच्या पत्रिका मावतीन हिच्यात!" मी म्हणालो.

"अवो, मंग माळ्यावरचं सामानबी टाका थोडं," सुनंदा म्हणाली.

मी पुण्याला फोन लावला.

"हे बघा, डबा उघडला की जुनी डिस्क वरच्या खणात दिसेल," माधवराव म्हणाले. "आधी ती खाली करा. मग नवी वर बसवा आणि मला फोन करा."

"खाली करू? पुरी?"

"अहो, पुरीच. अर्धवट ठेवलीत तर अडचण होईल."

"पन तिच्यात मामाजीचे शब्द हायेत ना!"

"असू द्यात की. शब्दांना काय होतंय? नंतर सगळं नवीवर जाईल, मी सांगतो ना."

आता आमच्याकडे कसं आहे, डबा खाली कर म्हटलं की लहान लेकरूही डबा उपडा करतं. खाली म्हणजे रिकामं. बस खाली, घर खाली, खिसा खाली. मी मनात म्हटलं, काय हे विज्ञान! इकडे रिकामं करा आणि तिकडे आपोआप भरतं! पुण्याच्या माणसाला उगाच प्रश्न विचारून आपलं अज्ञान कशाला दाखवा?

काळ्या पडद्यावर फॉर्मॅटचा हुकूम दिला. कम्प्युटरने बिचाऱ्याने विचारलंसुद्धा, सगळं पुसलं जाईल, नक्की ना? मी ठणकावून 'हो' दाबलं.

"अवो, काऊन पुसून राह्यले?" सुनंदा ओरडली. "बाबाचं लिवलेलं हाय त्यात!"

"तू चूप राय. पुन्याचा आदेश हाय!"

टक्के चढत गेले. दहा, तीस, साठ... मी अक्षरशः हात जोडून उभा होतो. शंभर झाले. मग पेचकस घेऊन दोन्ही डिस्क बसवल्या आणि फोन लावला.

"झाली खाली!"

"वा! आता जुनीवरचं सगळं नवीवर कॉपी करा."

"जुनी तर खाली हाय ना."

"हो, खालीच असू द्या. तिथूनच करा."

"अवो, खाली हाय तर कॉपी काय करू?"

"खाली असली म्हणून काय झालं? वायर लावलीय ना?"

"वायर लावून काय होते, माधवराव? काईच नाई तिच्यात! तुमीच म्हटलं ना, पुरी खाली करा!"

पलीकडून बारीक आवाज आला, "म्हणजे... रिकामी?"

फोन हातात तसाच राहिला. अकरा वर्षं! वर्ध्यातल्या दुकानदारानेही डिस्क तपासून नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी देवळीला निघालो. कंडक्टर ओरडला, "या, खाली हाय गाडी!" मला रडूच आलं.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग डोळे मिटले आणि सुरू झाले. अथी. उलसक. गोठ. पोट्टं. भेदरं. एकामागून एक, वर्णमालेच्या क्रमाने! उलसक, म्हणजे थोडंसं, आर्वीच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईकडून; भेदरं, म्हणजे टोमॅटो, कोणत्या पंगतीत; सगळं नावगावासकट! तासभर मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. त्या चाळीस जीबीचं कौतुक कुठल्या कुठे गेलं.

"मामाजी, हे सारं तुमच्या डोक्यात हाय?"

"मंग? चिठ्ठ्या तर मी तुमच्यासाठी लिवल्या होत्या."

पुढच्या आठवड्यात ते पिपरीला राहायलाच आले. कम्प्युटरपुढे खुर्ची ओढून बसले.

"'अ'पासून घ्यायचं का?" मी विचारलं.

"थांबा, जवाईबापू. एक शब्द टिपायचाच राह्यला होता. रोज तोंडात असते, म्हून ध्यानातच नाई आला. लिवा, खाली. वर्ध्याचा अर्थ, रिकामं. पुन्याचा अर्थ, वर नाई ते."

मी मुकाट्याने टाइप केलं. "उदाहरण?"

"जवायाचं डोकं खाली."

"मामाजी, यात अर्थ कोंता धरू? वर्ध्याचा का पुन्याचा?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं.

"दोनी लागू हायेत."