काळ्या घारीचं माप

माझी मावशी शिंपीण. दुकान तिचं स्वतःचं आणि जीभ कात्रीहून धारदार. अशा बाईचा नवरा मात्र घड्याळं दुरुस्त करणारा, मुलखाचा अबोल. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग शोधणारे आमचे काका. मावशीने कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापले, तेव्हा 'मीठ दे' यापलीकडे चकार शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा राग यायचा. मावशीला माझ्याहून जास्त.

मग दुकानात एक दिग्दर्शक आला. खिसा फाटका, बाता मोठ्या. त्याला 'काळी घार' नावाचा सिनेमा काढायचा होता. मुखवटा घातलेली एक बाई शहरातल्या गुंडांना बदडते, एवढीच गोष्ट. पोशाख मावशीने शिवायचा. झगा छत्रीच्या कापडाचा, मुखवटा जुन्या पर्सच्या कातड्याचा. नायिकेला माप द्यायला काही सवड होईना, म्हणून मावशी स्वतःच्याच अंगाला लावून बघत गेली. व्हायचं तेच झालं. शूटिंगच्या दिवशी चेन नायिकेच्या पाठीवर अर्ध्यात अडकली ती अडकलीच. दिग्दर्शकाने डोकं धरलं, मग मावशीकडे नीट बघितलं.

"ताई, तुम्हीच घाला. तोंड दिसतंय कुणाला?"

अशी मावशी गच्चीवरून गाद्यांवर उड्या मारू लागली. शेवटी मुखवटा उतरवायचा, तेवढं काम नायिकेचं. घरी मावशीने फक्त पोशाख शिवल्याचं सांगितलं.

"बघूया ओळखतात का," ती मला म्हणाली. "इतकी वर्षं समोर वावरतेय. एवढंही जमलं नाही, तर या माणसाकडून मी कसलीच आशा ठेवणार नाही."

हसत म्हणाली, पण मला ते हसण्यावारी नेता येईना.

पहिल्या खेळाला आम्ही तिघं गेलो. खलनायकाचं जग बुडवणारं यंत्र म्हणजे सलूनमधला केस वाळवायचा टोप होता. लोक पोट धरधरून हसत होते, काका मख्ख. मग काळ्या घारीने खलनायकाची कॉलर धरून त्याला भिंतीला टेकवलं. कॉलरचा एक धागा सुटलेला दिसला, तशी बाईने मारामारी थांबवून तो दातांनी तोडला. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. काका खुर्चीत पुढे सरकले. मावशीने माझा हात आवळला. ते काही बोलले नाहीत, आणि तिची पकड हळूहळू सैल झाली. मला त्या क्षणी काकांना गदागदा हलवावंसं वाटलं.

शेवटी नायिकेने मुखवटा काढला. टाळ्या पडल्या. आणि ज्यांनी दुकानातही कधी कुणाला मोठ्याने हाक मारली नसेल, ते काका ताडकन उठून ओरडले, "साफ खोटं! ही नव्हे ती! ती माझी बायको आहे!"

"खाली बसा हो!" मागून कुणीतरी खेकसलं.

मावशी त्यांचा शर्ट ओढत होती. "अहो, बसा ना. सगळे बघताहेत."

"बघू देत की," काका म्हणाले. "अगं, तू पण ऊठ. दिसू दे त्यांना."