चिकूखाली भरलेला अर्ज

शिक्षणाला सीमा नसते. आमच्या शाळेच्या प्रत्येक निरोप समारंभात मी हे वाक्य म्हणतो. (मुलं टाळ्या वाजवतात, कारण माझ्यानंतर वडापाव असतो.)

आमचं घर तलासरी तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला खेटून. घरात मोबाइलला रेंज नाही. ती परसातल्या चिकूखाली मिळते, आणि तीही पलीकडच्या टॉवरची.

बायको, वासंती, बालवाडीत शिकवते. संस्थेने तिला बजावलं होतं : जूनपर्यंत मुक्त विद्यापीठाचं शिक्षणशास्त्राचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर मदतनीस म्हणून राहा. म्हणजे तिच्या वर्गात दुसरी बाई शिकवणार आणि ही नाकं पुसणार. अर्जाच्या शेवटच्या तारखेला आम्ही खुर्च्या घेऊन चिकूखाली बसलो.

"अहो, मी भरते ना."

"थांब. अर्ज ओळ न् ओळ वाचून भरायचा असतो. लोक वाचत नाहीत, तिथेच फसतात."

मी मराठीचा शिक्षक. या विषयावर मला बरंच बोलता येतं, आणि मी बोललो. मध्येच वेबसाइटने विचारलं, 'तुमचं ठिकाण शोधू का?' मी हो म्हटलं. टॉवर पलीकडचा, म्हणून वेबसाइटने राज्य गुजरात धरलं आणि माध्यम गुजराती. मी 'सबमिट' दाबलं तेव्हा न वाचता सह्या करणाऱ्यांचा समाचार घेत होतो.

यथावकाश पोस्टमनने जाड पार्सल आणलं. वासंतीने पुस्तक उघडलं.

"हे गुजरातीत आहे."

"एखादं चुकून आलं असेल."

तिने बाकीची पुस्तकं एकेक करून माझ्यापुढे मांडली. "ओळ न् ओळ, नाही का?"

डहाणूच्या अभ्यासकेंद्रात गेलो. कारकून चहा पीत होता. "माध्यम बदलायची मुदत गेली, सर. पुढच्या वर्षी भरा."

"पण चूक वेबसाइटची आहे."

"खाली टिक कोणी केलीय? सगळं वाचलं म्हणून?"

परतीच्या जीपमध्ये मी मायबोलीच्या गळचेपीवर मनातल्या मनात एक खरमरीत तक्रार रचत होतो. शेजारी वासंती चक्क पुस्तक वाचत होती.

"तुला येतं वाचता?"

"डहाणूच्या बाजारात वाढले मी, बोलता तर येतंच. अक्षरंही बरीचशी आपलीच, वरची रेघ तेवढी नाही. अडलं तर जयाबेन आहेत."

जयाबेन आमच्या किराणावाल्या. त्यांनी तूरडाळ तोलता तोलता तिच्याकडून बालमानसशास्त्र वाचून घेतलं. तोवर घरी ती डाळ मी शिजवायचो. (करपायची. वासंती वरचं वरचं वाढून घ्यायची.)

वासंती पास झाली. संस्थेच्या अध्यक्षांनी प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "आपण भाषा कुठे सांगितली होती?" वर्ग तिच्याकडेच राहिला.

प्रमाणपत्र आता बाहेरच्या खोलीत लावलंय. पाहुणे विचारतात, "सर, काय लिहिलंय यावर?"

मी वासंतीला हाक मारतो.