पंढरीचा खड्डा

पंढरी आणि मी हिवतापाच्या फवारणीवर एकाच पंपाला होतो. लोहा तालुक्यातली नदीकाठची गावं. मी पंपाचा दांडा मारायचो, तो नळी धरायचा. घराघरांच्या भिंतींवर डीडीटी.

संध्याकाळी पंप धुवायचा. ते पाणी नदीत सोडू नका, खड्ड्यात जिरवा, असा नियम होता. पंढरी आमच्या पंपासाठी रोज खड्डा करायचा. गुडघाभर खोल, नदीपासून लांब, वर माती दाबून. बाकीचे पंप सरळ गोदावरीत.

"पंढरी, मयत कोणाची हाय रे?" आम्ही विचारायचो.

"तुझीच. माप दे," तो म्हणायचा आणि खणत राहायचा.

त्याच्यापायी घरी जायला उशीर व्हायचा. एकदा मी मुकादमाला सांगितलं, पंढरी कामाला हळू आहे. खोटं होतं. त्याच्यासारखी एकसारखी भिंत कोणी मारत नव्हतं. पुढच्या हंगामाला त्याला बोलावलं नाही. मी कायम झालो. तो जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबला. सांगणारा कोण, हे त्याला कळलं नाही.

परवा त्याच्याकडं चहाला गेलो. त्याची नात लुंबिनी सुट्टीवर आली होती. गोदावरी समुद्राला मिळते तिथल्या प्रयोगशाळेत ती काम करते. किनाऱ्याला मरून लागलेल्या डॉल्फिनची चरबी तपासते. म्हणाली, अजून डीडीटी सापडतं. माशांतून अंगात साठतं, लवकर निघत नाही. आईच्या दुधातून पिलात उतरतं. पहिल्या पिलात सगळ्यात जास्त.

"कुठल्या गावचं असंल ते?" मी विचारलं.

"त्याच्यावर गाव लिहिलेलं नसतं, आजोबा."

मग मी मुकादमाची गोष्ट सांगून टाकली.

पंढरीची बायको कोंडाबाई आतून म्हणाली, "चाळीस वर्षं माझ्या हातचा चहा पिऊन राहिलाव, आन् आज सांगता व्हय?"

पंढरीनं नोकरीचं काहीच काढलं नाही.

"माझ्यामागं आपला पंप कुठं धुतलास?"

"नदीत."

"किती साल?"

"नऊ."

त्यानं कप खाली ठेवला आणि तोंड फिरवलं. मी निघालो तरी बस म्हणाला नाही.

खड्ड्याला वीस मिनिटं लागायची. मी तेव्हाच घड्याळ लावून बघितलं होतं.