बोटावरची साखर

गल्लीत त्यांना सगळे केककाका म्हणायचे. खरं नाव बेकरीच्या पाटीवर होतं, पण ती वाचायला मान वर कोण करणार? सगळ्यांचे डोळे काचेच्या कपाटातल्या केकवर. काका आयसिंगची फुलं अशी काढायचे की केकला सुरी लावताना गिऱ्हाइकाचा हात अडखळायचा. आणि एवढ्या गोडाच्या धन्याला स्वतः मात्र चिमूटभर चाखायची चोरी! मधुमेह अंगात मुक्कामाला आला होता आणि हलायचं नाव घेत नव्हता.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक नोकरीला परदेशात. जाताना तिने बापाला साखर तपासायचं मशीन आणून दिलं आणि चारचारदा बजावलं. हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, बोटाच्या कडेला टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा आणि आकड्याचा फोटो काढून पाठवायचा. काका इमानेइतबारे रोज सकाळी पाठवायचे. आकडा चांगला असला की तिकडून अंगठा यायचा. फोनवर येतो ना, तो पिवळा अंगठा. संपला विषय.

आता त्या अंगठ्याशी माणसाने बोलायचं तरी काय? सुट्टीच्या दिवशी तिचा फोन यायचा, तोही घाईघाईचा. काका अजून ओव्हनचं दार उघडताना ‘मागे हो गं’ म्हणायचे, कारण लहानपणी ती सतत पायात घोटाळायची. म्हणायचे आणि मग मागे बघायचे. पण ‘ये’ म्हणून तिला सांगायचं? छे! तिचं छान चाललंय, आपण कशाला तिच्या पायात बेडी अडकवायची? तिने विचारलं की यांचं एकच, मी ठणठणीत आहे. आणि फोन ठेवला की जीव नुसता तुटायचा.

एका सकाळी मोठ्या केकचं काम अंगावर होतं. पिठीसाखर चाळता चाळता तपासायची आठवण झाली. हात धुवायला कुठला वेळ! ॲप्रनला पुसले, टोचलं, थेंब लावला, तर आकडा तीनशेच्या वर. फोटो गेला, आणि अंगठ्याऐवजी फोनच वाजला.

लेकीने असं काही फैलावर घेतलं म्हणता! काय खाल्लंत, खोटं बोलू नका, येता जाता बिस्किटं तोंडात टाकत असणार, मला ठाऊक आहे तुमचं. अगदी आईची गादी चालवत होती. काका गरीब चेहऱ्याने ऐकत होते आणि मनातून सुखावत होते. ओरडून दमल्यावर ती इकडचं तिकडचं बोलायला लागली. तिची खोली किती थंड असते, शेजारणीचं मांजर कसं हिच्याच दाराशी येऊन बसतं, असलं काहीबाही. काकांना ते ऐकताना पोट भरल्यासारखं वाटलं. ओव्हनमधला पाव करपला, तर करपू दे.

दुसऱ्या दिवशी हात धुऊन तपासलं, तर साखर जागेवर. आला अंगठा. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. बोटाला चिकटलेली पिठीसाखर मशीनने रक्तातली म्हणून मोजली होती.

शहाण्या माणसाने तिथल्या तिथे लेकीला सांगून टाकलं असतं. काकांनी थोडे दिवस कळ काढली आणि मग एका सकाळी मुद्दाम साखरेच्या डब्यात बोट बुडवलं. जन्मभर मापात काम केलेला माणूस तो, किती साखर लागली की आकडा किती चढतो, हेही त्यांना लवकरच जमलं. रोज करायचे नाहीत, संशय येईल म्हणून. फोटो पाठवला की हात धुऊन दुसऱ्या बोटावर खरी साखर बघायचे आणि इन्सुलिन नेहमीचंच घ्यायचे. वेड पांघरलं होतं, पण अक्कल शाबूत होती.

लेक मात्र तिकडे स्वस्थ बसणार होती थोडीच? तिने सगळे फोटो डॉक्टरांना पाठवले. ते आकडे बघून डॉक्टरांनी फोनवरच इन्सुलिन जवळजवळ दुप्पट केलं. काका ‘बरं बरं’ म्हणाले आणि जुनंच चालू ठेवलं. पुढचा गोड फोटो गेला तेव्हा व्हिडिओ कॉल आला. लेकीचे डोळे सुजले होते, केस विस्कटलेले. ती म्हणाली, “पेन आणा. माझ्यासमोर घ्या.”

काकांनी इन्सुलिनचं पेन आणलं. आताच त्यांनी धुतलेल्या हाताने बघितलं होतं, साखर एकशे चार. त्यावर एवढं इन्सुलिन म्हणजे सरळ आडवं व्हायचं. मागे एकदा जेवण चुकलं तेव्हा साखर उतरून, घामाने भिजून ते भट्टीपाशी कोसळले होते. तरी त्यांनी डोस वाढवला, सदरा वर केला. टोचून घेऊ आणि वर डबाभर साखर खाऊ, बेकरीत साखरेला काय तोटा, असं मनाशी चाललं होतं.

तेवढ्यात लेक म्हणाली, “बाबा, मी नोकरीचा राजीनामा लिहिलाय. आज देते. तुम्हाला असं सोडून मला इथे घास गिळत नाही.”

काकांचा हात थांबला. ज्याची आस लावून बसले होते, ते आपल्या पायाने दारात आलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. तिची खोली झाडून घ्यायची, पलंग उन्हात टाकायचा, एवढंही मनात येऊन गेलं. पण तिचा तो रात्रभर जागलेला चेहरा समोर होता, आणि तो आपणच असा केलाय हे त्यांना बघवेना. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. पिठीसाखर, डबा, धुतलेलं दुसरं बोट, सगळं.

काका वाट बघत होते, ती आता ओरडेल, आता फोन आपटेल.

“खरी किती आहे?” तिने विचारलं.

“एकशे चार.”

तिने डोळे पुसले. आवाज कोरडा ठेवून म्हणाली, “म्हणजे यायची काही गरज नाही.”

“गरज नाही,” काका म्हणाले. मग इतक्या वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. “गरज नाही गं. तरी ये.”