अर्धा सेकंद हलू नका

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी कॅमेरा शिकायला निघाले. वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मी ट्रकांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहिते. दिवसभर पोती आणि चाकं पाहून डोळे विटले होते. भाच्याने वापरून सोडून दिलेला कॅमेरा मागून घेतला आणि धरमपेठेतल्या रविवारच्या क्लासला नाव घातलं. वर्गात सगळी कॉलेजची पोरं. पहिल्याच दिवशी एकीने अदबीनं विचारलं, "आंटी, किसको छोड़ने आए आप?"

"स्वतःलाच," मी म्हटलं आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले.

शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी, असं सर सांगायचे. पटकन उघडून मिटली तर उडती चिमणीही जागच्या जागी थांबते. जरा वेळ उघडी राहिली तर हलणारं सगळं पुसट होतं. घरी करायला त्यांनी काम दिलं, की नळाचं पाणी दुधाच्या धारेसारखं दिसलं पाहिजे. मी शटर अर्ध्या सेकंदावर लावलं, न्हाणीघरात कॅमेऱ्याची तिपाई मांडली आणि बादल्या भरभरून फोटो काढले. नवरा बाहेरून ओरडत होता, "अवं, मले आंघोळ करू देशीन का नाही?"

दुसऱ्या दिवशी सावनेरला बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. ऊन उतरल्यावर मी अंगणात अठरा माणसं दोन रांगांत बसवली आणि तिपाईमागे उभी राहिले. फोनवर कोणी फोटो काढू लागला की त्याला थांबवत होते. "आज खरा फोटो निघणार आहे," असंही म्हणाले.

"काहून वं, एवढा वेळ का करून राहिली? चहा थंडा होते ना!" आत्या म्हणाली.

"आत्या, हलू नको. झालंच."

मी सात फोटो काढले. मागच्या चिमुकल्या स्क्रीनवर सगळं झकास दिसलं. वाडीला परतून ते कॉम्प्युटरवर मोठे करून उघडले. शटर अर्ध्या सेकंदावरच राहिलं होतं. भावाला तीन हात होते. पोरांच्या जागी नुसते रंगीत ढग. आत्या नेमकी अंगणात शिरलेल्या बकरीवर ओरडायला वळली होती, त्यामुळे साडीच्या वर काहीच नव्हतं. आणि या सगळ्या धुक्याच्या मधोमध बाबा, अगदी लख्ख. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतके.

सातही फोटोंत बाबा तसेच.

रडवेली होऊन मी बाबांना फोन लावला आणि विचारलं, तुम्ही एकटेच कसे हलला नाहीत. ते म्हणाले, "खदानीत नोकरीला लागलो तेव्हा पाससाठी फोटो काढला होता ना, फोटोवाल्यानं म्हटलं, श्वासही घेऊ नका. तेव्हापासून मी नाही घेत."

"इतकी वर्षं?"

"फोटोपुरता वं बेटा."

फॅमिली ग्रुपवर त्यातला एक फोटो टाकल्यावर दहा मिनिटांत आत्याचा फोन आला. "माहं तोंड कुठी गेलं वं?" मी शटर, पापणी, अर्धा सेकंद सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे. पण तोंड कुठी गेलं?"

रविवारी मी तो फोटो क्लासला नेला आणि सरांनी तो मोठ्या पडद्यावर लावला. "काळ सगळ्यांना पुसत चाललाय आणि एक म्हातारा ठाम बसून आहे," ते म्हणाले. "हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

वर्ग माझ्याकडे वळला. मी "हो" म्हणाले. टाळ्या पडल्या. मग पाणी पिऊन आले आणि खरं काय ते सांगून टाकलं. तेव्हा पहिल्यापेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या, आणि त्या आंटीवाल्या मुलीनं मला मधल्या सुट्टीत समोसा खाऊ घातला.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा सावनेरला गेले, शटर दोनदा तपासून. सगळी माणसं मिळाली नाहीत. आत्या मात्र नवी साडी नेसून आली. तिचा फोटो स्वच्छ आला, सुरकुत्यांसकट. तिनं तो चष्मा पुसून पुसून पाहिला.

"बरा आहे," ती म्हणाली. "पण ग्रुपवर नको टाकू."