इत्तो दारात नाव विचारत नसे

तुम्ही कधी अशा घरात जेवलात का, जिथल्या बाईचं नाव आज तुम्हाला आठवत नाही? परदेशात, खिशाला झळ नको म्हणून पायी हिंडताना, बर्फात अडकल्यावर? आठवून बघा. जेवण आठवेल. चूल आठवेल. मोबाइलमध्ये फोटोही सापडेल. आणि नाव?

असं एक घर उत्तर आफ्रिकेतल्या ॲटलासच्या डोंगरात, ऐत इघीर गावाच्या अगदी टोकाला आहे. त्याच्यावर फक्त खिंड. खिंड उतरणाऱ्याला पहिला धूर दिसतो तो इत्तोच्या चुलीचा. नवरा खाणीत दबून मेला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती आणि तूदा, तिची एकुलती लेक, तीन वर्षांची. दीर म्हणाला, घर मोड, खाली आमच्यात ये. इत्तो म्हणाली, "मी खाली आले तर वरून येणाऱ्याला दार कोण उघडणार?"

"नवरा गेला, घरात पीठ नाही, आणि बाईला जगाच्या पाहुण्यांची काळजी!" दीर कपाळावर हात मारून गेला. इत्तो राहिली. उतारावरची लाकडं पाठीवर आणायची, जवाची भाकरी थापायची, शेळी पिळायची. पाठ वाकली, दार मात्र उघडंच राहिलं.

त्या डोंगरात एक रीत आहे. पाहुणा आला की तीन दिवस त्याला नाव, गाव, कशाला आलास, कधी जाणार, यातलं काही म्हणजे काही विचारायचं नाही. विचारलं म्हणजे भाकरीला उंबऱ्यावर कर लावला. तीन दिवस झाले की पाहुण्यानं आपणहून सांगायचं, मी अमक्याचा तमका, माझं घर तिकडे, कधी गरज पडली तर हाक मार. रीतीचा हा दुसरा अर्धा भाग डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पाठीवर पिशवी टाकून येणाऱ्या गोऱ्यांना तो कोण सांगणार? ते तिसऱ्या दिवशी सकाळी पोटभर खाऊन, छातीवर हात ठेवून, हसून निघून जात. म्हणून इत्तोकडे पाहुण्यांची नावं नव्हती, खुणा होत्या. लाल टोपीवाला. सायकलवाली. ओकारीवाला. ते दोघं, जे रोज भांडायचे आणि एकाच घोंगडीत झोपायचे.

नाव ठाऊक होतं ते एकाचंच. गास्पार. सहा वर्षांपूर्वी तापानं फणफणत खिंड उतरला आणि बर्फानं वाट बुजली. अकरा दिवस राहिला. एकोणीस वर्षांच्या तूदानं आपली घोंगडी त्याला दिली आणि स्वतः आईच्या पाठीला चिकटून झोपली. सातव्या दिवशी लाकडं संपली. इत्तोनं गोठ्याचं दार तोडून चुलीत घातलं आणि शेळी घरात घेतली. शेजारची रकिया म्हणाली, "आता पाहुणा कोण आणि शेळी कोण, ओळखायचं कसं?" इत्तो म्हणाली, "शेळी दूध देते." दोघी हसून हसून रडल्या. जाताना गास्पारनं मात्र डोळ्यांत पाणी आणून फ्रान्समधला पत्ता आणि फोन कागदावर लिहून दिला. तिथल्या मोडक्यातोडक्या बोलीत, तिला आई म्हणून हाक मारत म्हणाला, "इम्मा इत्तो, माझं घर ते तुझंच घर."

घरी जाऊन त्यानं इंटरनेटवर लिहिलं. या लोकांकडे काहीच नाही, तरी सगळं देतात. तुमचं नावसुद्धा विचारत नाहीत! सोबत नकाशा जोडला, त्यावर इत्तोच्या छपराची खूण केली. मग काय, रीघच लागली. फुकटचं घर, नाव न विचारणारं.

पुढे तूदाचं लग्न झालं आणि ती नवऱ्यामागं फ्रान्सला गेली, कचेऱ्यांच्या फरश्या पुसायला. त्याच वर्षी इत्तोनं मीठ घालून लोण्याची बरणी मुरत ठेवली. लेकीच्या बाळंतपणासाठी. जवाच्या गरम लापशीवर हे जुनं लोणी घालून पहिला घास आईनं भरवायचा, ही डोंगरातली पद्धत.

यंदा तूदाला दिवस गेले. डॉक्टरांनी सहाव्या महिन्यात अंथरुणाला खिळवलं. फोनवर पोरगी रडली, "इम्मा, तू ये. हा दिवसभर कामावर, मी छताकडे बघत पडते. मला भीती वाटते गं."

इत्तो उठली ती थेट हम्मूकडे. हम्मू गावच्या संघटनेचा चिटणीस, फ्रेंच वाचणारा. त्यानं व्हिसाच्या अर्जाला लागणाऱ्या कागदांची यादी काढली. अदबीनं म्हणाला, "लाल्ला इत्तो, तिथं राहणार कुठं, ते दाखवावं लागतं. एक तर हॉटेलचं आरक्षण..."

"हॉटेल? लेक असताना?"

"...नाहीतर तिथल्या घरमालकानं नगरपालिकेतून शिक्का मारून आणलेला कागद. की ही बाई माझी पाहुणी."

"तूदा आणेल."

"गेली होती ती, मला फोनवर सांगितलं तिनं. तिची खोली लहान पडते म्हणून नगरपालिकेवाले नाही म्हणाले."

इत्तो हसली. "एवढंच ना? अरे, अर्ध्या फ्रान्सनं माझ्या घरी भाकरी खाल्लीय. कुणालाही सांग."

"नावं सांग."

ती बोलायला लागली आणि थांबली. लाल टोपी. सायकल. हम्मू लेखणी धरून बसला होता, आणि लिहिण्याजोगं एक नाव निघेना. बावीस वर्षांची पंगत, आणि हाक मारायला माणूस नाही.

"गास्पार!" ती एकदम म्हणाली. घरी धावत गेली, बरणीखालचा कागद घेऊन आली.

हम्मूनं फोन लावला. तिकडून आनंदाचा चीत्कार आला. शेळी कशी आहे, बर्फ पडला का, तूदा कशी आहे, सगळं विचारलं. इत्तोला शब्द कळत नव्हते, पण ती मान डोलवत होती. मग हम्मूनं कागदाचं सांगितलं. तिकडचा आवाज खाली आला. आवाज खाली आलेला कळायला भाषा लागत नाही.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, त्याला फार वाईट वाटतं. पण सही केली की जबाबदारी त्याच्यावर येते. तू राहिलीस, परत गेलीच नाहीस, तर? बायकोही तयार नाही. म्हणतो, तुला लोकरीचे मोजे पाठवतो."

 इत्तो म्हणाली, "सांग त्याला. वाट बुजली होती, हा अकरा दिवस माझ्या चुलीपाशी पडला होता, तेव्हा मी नव्हतं विचारलं, हा परत जाणार की नाही."

हम्मूनं शब्दाला शब्द सांगितलं.  पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्या कागदावाचूनच अर्ज केला, आणि व्हिसा नाकारला गेला. तूदाच्या कळा आठव्या महिन्यातच सुरू झाल्या, भरदुपारी, घरात कुणी नसताना. पोरगी झाली, दोघी वाचल्या. फोनच्या पडद्यावर तूदा म्हणाली, "वरच्या मजल्यावरची बाई होती, इम्मा. काळी, आफ्रिकेतलीच, तीही फरश्या पुसते. तिनंच मला उचललं, गाडी बोलावली, रात्रभर हात धरून बसली. सकाळी भात आणून तिनं भरवला."

"नाव काय तिचं?"

"विचारलं नाही, इम्मा. आपल्यात विचारतात का?"

"विचार!" इत्तो एवढ्या जोरात ओरडली, की शेळी दचकली. "आज विचार, आत्ता विचार. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं! आणि तुझं सांग तिला. तीन दिवस थांबू नकोस!"

पुढच्याच आठवड्यात खिंडीतून दोघं उतरली, एक मुलगा आणि एक मुलगी. केसांवर बर्फ, ओठ निळे, हातात तोच नकाशा. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा इत्तो दारात आडवी उभी राहिली. हम्मूकडून घोकून घेतलेलं फ्रेंच वाक्य तिनं म्हटलं, "तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता?"

शेजारून रकिया किंचाळली, "अगं इत्तो! उंबऱ्यावर? पाहुण्याला? तुझी आई थडग्यात उठून बसेल!"

"बसू दे. तिलाही सांगेन."

मुलगी गांगरली. मुलानं पोलिसांना दाखवावा तसा पासपोर्ट पुढे केला. इत्तोला वाचता येत नाही. तिनं तो परत दिला, नावं तीनदा वदवून घेतली, पाठ केली, मग बाजूला झाली. भाकरी, तेल, चहा, घोंगड्या, सगळं दिलं. लोण्याच्या बरणीला हात लावला नाही. ती दोघं जेवली. तिनं स्वतःची भाकरी मात्र शेळीपुढे टाकली. आईनं शिकवलेली एकच गोष्ट तिच्याजवळ होती, तीही तिनं त्या दुपारी उंबऱ्यावर मोडली होती.

त्या दोघांनी नंतर इंटरनेटवर लिहिलं, घर आता पूर्वीचं राहिलं नाही, दारातच चौकशी करतात. हम्मूनं वाचून दाखवलं. इत्तो म्हणाली, "खरंच लिहिलंय."

बरणी अजून तिथंच आहे, तोंडाला फडकं बांधलेली. नात चार महिन्यांची झाली.

तर एकच मागणं आहे. कधी त्या खिंडीतून उतरलात, किंवा जगातल्या कुठल्याही अशा दारात थंडीनं कुडकुडत उभे राहिलात, तर जोडे काढायच्या आधी आपलं पूर्ण नाव आणि राहता पत्ता आपणहून सांगा. तिच्यावर विचारायची वेळ आणू नका.